बोलीच्या इंग्रजीतील आघात आणि साधे शब्द



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची हयात इंग्रजीच्या अध्यापनात खर्ची पडली. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानात त्याच अध्यापनातील एखादा उपेक्षित मुद्दा घ्यावा ही माझी सूचना चालकांनी मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मुद्दा असा, की आपल्याकडील जो सुशिक्षित मनुष्य तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला गिरवून तयार झाला, ज्याला कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग चुटकीसरशी करता येतो, आणि ज्याच्या अर्जाच्या मसुद्यात वरिष्ठाला खोड काढायला सहसा जागा सापडत नाही, तोच मनुष्य इंग्रजी बोलू लागला म्हणजे लंडनच्या श्रोत्याला एकेका वाक्यात दोनदोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागते, ते का? या प्रश्नाचे उत्तर देताना सामान्यतः आपल्या वर्णोच्चारांकडे बोट दाखविले जाते. व्ही आणि डब्ल्यू यांची आपण सरमिसळ करतो, आपले ट आणि ड मूर्धन्य असतात, इत्यादी. हे दोष आहेत, परंतु ऐकणाऱ्याचा कान चार वाक्यांत त्यांना सरावतो. ज्याला तो सरावत नाही ती गोष्ट म्हणजे शब्दांतील आघात. आणि आघाताची ही अडचण व बोलताना आपण निवडतो त्या शब्दांची जातकुळी, हे शाळेत वेगवेगळ्या तासांना शिकवण्याचे दोन विषय मानले जातात, ते वस्तुतः एकाच विषयाची दोन अंगे आहेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आघात म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर कळेल. मॅनेजर, कॅलेंडर, सिलिंडर, मिनिस्टर, रजिस्टर, कॅरॅक्टर, इंडस्ट्री हे सात शब्द आपण रोज मराठीत वापरतो. सातांपैकी प्रत्येकात तीन अवयव आहेत. अवयव म्हणजे जीभ एका हिसक्यात उच्चारते तो ध्वनिखंड. इंग्रज मनुष्य या सातही शब्दांत पहिल्या अवयवावर जोर देतो, त्याला थोडे लांबवतो, आवाजाची पट्टीही तेथे किंचित चढवतो, आणि उरलेले दोन अवयव जणू उधारीवर मिळाले आहेत अशा बेताने आटोपतो. त्याचे मॅनेजर हे ‘मॅ’वर उभे असते आणि पुढे ‘निज’ आणि ‘अ’ एवढाच अस्पष्ट पुटपुटाट ऐकू येतो. आता हेच शब्द आपण स्वतःशी उच्चारून पाहा. मॅनेजरमधला ‘ने’, कॅलेंडरमधला ‘लें’, सिलिंडरमधला ‘लिं’, मिनिस्टरमधला ‘निस्’, रजिस्टरमधला ‘जिस्’, कॅरॅक्टरमधला ‘रॅक्’, इंडस्ट्रीमधला ‘डस्’ हे सगळे दुसरे अवयव आपल्या तोंडी ठळक होऊन बसलेले आढळतील.

हे असे का होते, याचे कारण इंग्रजीत नसून आपल्या छंदःशास्त्रात आहे. दीर्घ स्वर गुरू, अनुस्वारयुक्त अक्षर गुरू, जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू, हा लघुगुरूंचा विवेक आपल्या कानात लहानपणीच्या श्लोकांपासून इतका मुरलेला आहे, की परका शब्द कानी पडताच आपण नकळत त्याचे वजन करतो आणि जेथे गुरू सापडेल तेथे जोर टाकतो. मराठीत या जोराने अर्थ बदलत नाही. कोणी ‘कागद’ शब्दात ‘का’वर जोर दिला, कोणी ‘गद’वर दिला, तरी कागद तो कागदच राहतो, म्हणून आपल्या कानाला या बाबतीत सावध राहण्याची गरज कधी पडलीच नाही. आणि गंमत अशी, की लघुगुरूंचा हा न्याय पुष्कळदा बरोबरही ठरतो. मशीन, अपील, पोलीस, डिपार्टमेंट या शब्दांत आपला गुरू आणि इंग्रजाचा आघात एकाच ठिकाणी पडतात, आणि त्या योगायोगाने आपली अशी समजूत होते, की आपल्याला आघात येतो.

ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार केला म्हणजे चुकीचे मोल ध्यानात येते. बोललेल्या वाक्यात शब्दाशब्दांमध्ये रिकामी जागा नसते. ती छापखान्याने निर्माण केलेली सोय आहे. मग अखंड वाहणाऱ्या ध्वनिप्रवाहात एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे इंग्रजीभाषक कान कशावरून ठरवतो? ॲन कटलर या विदुषीने १९८०च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि असे दाखवून दिले, की संभाषणातील बहुसंख्य अर्थवाही इंग्रजी शब्दांचा आरंभ जोरदार अवयवाने होत असल्यामुळे इंग्रजीभाषक श्रोता जोरदार अवयव ऐकू आला की तेथे नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो. तेव्हा आपण ‘मॅनेजर’मधल्या ‘ने’वर जोर दिला, की त्याचा कान ‘ने’पासून सुरू होणारा शब्द आपल्या मनःकोशात धुंडाळू लागतो, तो सापडेपर्यंत आपले पुढचे चार शब्द निघून गेलेले असतात, आणि मग तो बिचारा सभ्यपणे ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. जॉन फील्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, दोन अवयवांच्या शब्दांवरील प्रयोगात असेही आढळले, की आघात मागे सरकला तर श्रोत्याचे जितके अडते त्यापेक्षा तो पुढे, म्हणजे शब्दाच्या शेवटाकडे, सरकला तर अधिक अडते. मघाच्या सात शब्दांत आपण नेमका तो पुढेच सरकवतो. हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९५८ मध्ये जी मध्यवर्ती संस्था निघाली तेथील आर. के. बन्सल यांनी तर १९६९ मध्येच, भारतीयांचे इंग्रजी परक्यांना कितपत कळते याची पद्धतशीर तपासणी करून, शब्दांतील चुकीचा आघात हे न कळण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक असल्याचा निर्वाळा दिला होता. आपल्या शाळांच्या दफ्तरी या निर्वाळ्याची नोंद झालेली मला तरी दिसली नाही.

येथे कोणी म्हणेल, की ठीक आहे, पहिल्या अवयवावर जोर देऊ म्हणजे झाले. एवढ्याने भागत नाही. इंग्रजी आघाताचे अर्धे काम उचलण्याचे असले तरी उरलेले अर्धे दाबण्याचे आहे, आणि आपल्याला जमत नाही ते दाबणे. ‘फोटोग्राफ’ या एका कुटुंबाकडे पाहा. फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या अवयवावर असतो आणि उच्चार ‘फो-ट-ग्राफ’ असा होतो. त्यापासून कलेचे नाव साधले, की आघात दुसऱ्या अवयवावर उडी मारतो आणि उच्चार होतो ‘फ-टॉ-ग्र-फी’. विशेषण साधले, की तो तिसऱ्यावर जातो, आणि तोंडातून ‘फो-ट-ग्रॅ-फिक’ निघते. पहिल्या रूपातला स्पष्ट ‘फो’ दुसऱ्या रूपात नुसता ‘फ’ होऊन बसला, पहिल्यातला अस्पष्ट ‘ट’ दुसऱ्यात ‘टॉ’ होऊन डोके वर काढता झाला. आघात गेला की स्वराचे तेज गेले आणि मागे राहिला तो आपल्या ‘अ’सारखा एक निस्तेज स्वर, हा इंग्रजी बोलण्यातील सर्वांत वारंवार येणारा स्वर आहे आणि त्याला इंग्रजी वर्णमालेत स्वतःचे अक्षर नाही. आपण मात्र वर्णविन्यास पाहून बोलतो. कागदावर ओ दिसला की ओ म्हणतो, ए दिसला की ए म्हणतो, आणि तिन्ही रूपांत ‘फोटोग्राफ’ अक्षुण्ण राखून शेवटी फक्त प्रत्यय चिकटवतो. ज्या भाषेची लिपी उच्चाराशी इतकी इमानी आहे त्या भाषेच्या लेकराने असे करावे यात अस्वाभाविक काही नाही. या उड्यांना नियम नाहीत असेही नाही: ‘इक’, ‘इटी’, ‘शन’ हे शेवट असलेल्या शब्दांत आघात त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो, एवढे एक सूत्र पाठ केले तरी शेकडो शब्द सुधारतात. पॉलिटिक्स हा शब्द या सूत्राला जुमानत नाही; राजकारणाने नियमाला अपवाद व्हावे, यात नवल करण्याजोगे काही नसावे.

आघाताने अर्थ बदलतो ही कल्पना आपल्याला परकी वाटते, पण आपल्या पूर्वजांना ती परकी नव्हती. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व पाणिनीय शिक्षेच्या कर्त्याने आपल्या ग्रंथात ज्या कथेकडे निर्देश केला आहे ती श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. इंद्राने त्वष्ट्याच्या पुत्राचा वध केला, तेव्हा इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने आहुती दिली आणि मंत्रात ‘इन्द्रशत्रु’ हा सामासिक शब्द योजला. उदात्त म्हणजे चढा स्वर शब्दाच्या अंती असता तर तो तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ झाला असता. उच्चारात उदात्त आरंभी पडला, बहुव्रीही झाला, ‘इंद्र ज्याचा संहारक आहे असा’ हा अर्थ निष्पन्न झाला, आणि जन्माला आलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. वैदिक स्वर हा आवाजाच्या उंचीचा आणि इंग्रजी आघात हा उंची, लांबी व जोर या सर्वांच्या मिश्रणाचा, हा भेद मला मान्य आहे. तथापि इंग्रजीतील समासांची तऱ्हा अगदी याच मासल्याची आहे. ‘इंग्लिश टीचर’ या जोडीत आघात पहिल्या शब्दावर दिला तर तो इंग्रजी शिकवणारा, मग तो सांगलीचा का असेना. दुसऱ्यावर दिला तर जातीने इंग्रज असलेला शिक्षक, मग तो गणित का शिकवीना. ‘ग्रीनहाउस’ पहिल्यावर उचलले तर रोपे वाढविण्याचे काचघर, दुसऱ्यावर उचलले तर हिरव्या रंगाचे कोणतेही घर. नाम आणि क्रियापद यांतील फरकही असाच चालतो. रेकॉर्ड हे नाम असता आघात आधी, क्रियापद असता नंतर. पीटर लेव्हिन्स याच्या १५७०च्या कोशात अशा जोड्या तीनच सापडतात, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची संख्या दीडशेच्या घरात गेलेली होती, यावरून ही प्रवृत्ती त्या भाषेत किती जिवंत आहे हे दिसते.

आता शब्दांच्या जातकुळीकडे वळतो. इंग्रजीचे मूळचे शब्द जर्मानिक कुळातले. त्या कुळात आघात धातूच्या पहिल्या अवयवावर पडण्याचा रिवाज होता, आणि काळाच्या ओघात त्या शब्दांचे शेवट झिजून बहुतेक शब्द एकाच अवयवाचे उरले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्याय, धर्म आणि विद्या यांच्या व्यवहारातून फ्रेंच शब्दांचा आणि पुढे ग्रंथांतून लॅटिन शब्दांचा जो लोंढा आला त्याने इंग्रजीत लांबलचक शब्द आणले, आणि हा वर सांगितलेला फिरता आघातही मुख्यत्वे त्यांच्याच पावलांनी आला. घरात, बाजारात, मुलाबाळांशी बोलताना मात्र इंग्रज आपल्या जुन्या आखूड शब्दांनाच धरून राहिला. सर्वाधिक वापरातले शंभर इंग्रजी शब्द पाहिले तर त्यांत एकाहून अधिक अवयवांचे शब्द फार थोडे निघतात. ज्या शब्दाला अवयवच एक, त्यात आघात चुकवण्याची सोयच नाही.

आणि आपण नेमके कोणते शब्द बोलतो? ‘बाय’च्या ठिकाणी आपण ‘पर्चेस’ म्हणतो, आणि त्यातही आघात गेलेल्या दुसऱ्या अवयवाचा ‘चस’ न करता ठसठशीत ‘चेस’ करतो. ‘आस्क’च्या ठिकाणी ‘इन्क्वायर’, ‘लिव्ह’च्या ठिकाणी ‘रिसाइड’, ‘स्टार्ट’च्या ठिकाणी ‘कमेन्स’, ‘टेल’च्या ठिकाणी ‘इन्फॉर्म’. याचा उगम इतिहासात आहे. आपले इंग्रजी ओटीवर आले नाही, कचेरीत आले. अर्ज, दरखास्त, हुकूम, तजवीज, जबानी, फैसला यांची जी भाषा पेशव्यांच्या दफ्तरात फारसीमिश्रित मराठीने सांभाळली होती तिची जागा कंपनी सरकारच्या अमदानीत इंग्रजीने घेतली, आणि कारकुनाने वरिष्ठाच्या खलित्यांवरून उचललेले, ‘डू द नीडफुल’ धाटणीचे इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. ज्यांना शाळा मिळाली त्यांनी मिल्टन, बर्क आणि मेकॉले यांच्यावरून भाषा घडवली. ग्रंथ थोर होते, पण दुकानात बटणे मागताना त्यांचा उपयोग नसतो. कोणी परदेशी पाहुणा मराठी शिकून आपल्या घरी यावा आणि ‘सदरहू इसमास उदकाची आवश्यकता भासत आहे’ असे म्हणावा, तसे आपले इंग्रजी त्या लोकांना ऐकू येत असले पाहिजे; त्यात पुन्हा ‘आवश्यकता’तला जोर भलत्याच अक्षरावर! (मी स्वतः गेली काही मिनिटे किती संस्कृत शब्द वापरीत आहे याची मला जाणीव आहे, सभेची गोष्ट निराळी असते.)

थोडक्या शब्दांत भाषा शिकवावी, हा विचार नवा नव्हे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षणखात्यात काम करता करता शब्दसंख्येवर ताबा ठेवणारी वाचनपुस्तके तयार केली, आणि १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी निघाली. दोघांविषयी मला आदर आहे, परंतु दोघांच्याही योजनेत बोलणाऱ्याच्या दृष्टीने एकेक उणीव राहिली. वेस्ट यांचे लक्ष वाचनावर होते आणि त्यांच्या यादीमागील गणती छापील मजकुराची होती. ऑग्डेन यांनी क्रियापदे अठरांवर आणली खरी, पण मग ‘एन्टर’साठी ‘गो इन’, ‘पोस्टपोन’साठी ‘पुट ऑफ’ अशी जोडक्रियापदे वापरणे भाग पडले, आणि विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाणारा जो भाग त्यालाच त्यांनी सोपा म्हणून त्याच्या पदरात टाकले.

या जोडक्रियापदांवर थोडे थांबले पाहिजे, कारण साधे शब्द बोलावे असे ठरवणाऱ्याची खरी परीक्षा तेथे आहे. बहुतेक शब्द एका अवयवाचे, तेव्हा शब्दांतर्गत आघाताची चिंता मिटली. चिंता उरली ती जोर जोडीतल्या कोणत्या शब्दावर द्यावा याची. ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘फाइंड आउट’ यांत जोर मागच्या शब्दावर, ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांवर पडतो. आपण तो क्रियापदावर देतो आणि ‘ऑफ’ गिळून टाकतो, म्हणजे अर्थाचा निम्मा भाग गिळून टाकतो. मध्ये सर्वनाम आले, की ते दोघांच्या मधे चिरडले जाते: ‘पुट इट ऑफ’ यात ‘इट’ जेमतेम ऐकू यावे आणि ‘ऑफ’ खणखणीत. उलट ‘लुक ॲट’, ‘लिसन टू’, ‘लुक आफ्टर’ यांत जोर क्रियापदावरच राहतो आणि मागचा शब्द दबतो. आणि याच जोड्यांची नामे झाली, की जोर पहिल्यावर येऊन बसतो. विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा ‘ऑफ’वर आघात, त्या क्रियेला ‘टेकऑफ’ म्हटले की ‘टेक’वर. पन्नास-साठ जोड्या अशा रीतीने, आघातासकट, तोंडात बसवल्या तर रोजचे बहुतेक व्यवहार निभतात. आणि मग ‘एन्टर’ आणि ‘पोस्टपोन’ हे शब्द अर्जासाठी राखून ठेवता येतात, जेथे ते खरोखर शोभतात.

एका प्रामाणिक हरकतीचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. इंग्रजी आता इंग्रजांची राहिलेली नाही. मराठी माणूस ती तमिळ माणसाशी, जपानी माणसाशी, ब्राझीलच्या माणसाशी बोलतो. मग लंडनच्या कानासाठी आपण एवढा खटाटोप का करावा? जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये या भूमिकेला शास्त्रीय पाया देण्याचा प्रयत्न केला, आणि परकीयांनी परकीयांशी बोलण्यासाठी उच्चारातील ज्या गोष्टी आवश्यक मानल्या त्यांतून शब्दांतील आघात वगळला. वाक्यातील मुख्य जोर मात्र आवश्यक म्हणून ठेवला. आपल्या देशात आपापसांत बोलताना ही भूमिका मला बहुतांशी पटते. पुण्याचा मनुष्य चेन्नईच्या मनुष्याला ‘मॅनेजर’मधला ‘ने’ ठासून सांगतो आणि दोघांचे उत्तम चालते. त्याला लाजण्याचे कारण नाही. परंतु संभाषणाला बोलणे आणि ऐकणे अशी दोन टोके असतात. आपण आघात पाळावा की न पाळावा हे आपल्या हाती आहे. समोरचा पाळणार नाही, हे आपल्या हाती नाही. ज्याने ‘फ-टॉ-ग्र-फी’ कधी ऐकले नाही त्याला ते बोलणाऱ्याच्या तोंडून आले तर ओळखू येणार नाही. ‘कॅन’ हा शब्द होकारार्थी वाक्यात दबून नुसता ‘कन’ होतो आणि नकारार्थी वाक्यात पूर्ण जोराने उच्चारला जातो, हे ज्याला ठाऊक नाही तो, नकाराचा शेवटचा ‘ट’ ऐकू आला नाही म्हणजे, नकाराला होकार समजून परत येतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कोठे आहे हे न ऐकणाऱ्याचे नुकसान तर पैशांत मोजता येते. यासाठी मी म्हणेन, की आघात आधी कानाला शिकवावा. जिभेने तो पुढे किती उचलावा हे ज्याचे त्याने ठरवावे.

राहता राहिला प्रश्न साधनांचा. डॅनिएल जोन्स यांच्या १९१७च्या उच्चारकोशापासून इंग्रजी कोशांत आघात असलेल्या अवयवाच्या आधी एक बारीक उभी रेघ छापण्याचा प्रघात आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी म्हणून निघालेल्या चांगल्या कोशांत ती आजही छापली जाते. पण ती रेघ कशाची, हे सांगणारा शिक्षक विरळा. आपल्या इंग्रजी-मराठी कोशांत तर उच्चार देवनागरीत देण्याची चाल, आणि त्या देवनागरीत सगळी अक्षरे सारख्याच तोलाची. ‘डेव्हलप’ असे छापले, की ‘व्हे’ उचलावा आणि बाकीचे दाबावे हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. माझी सूचना अशी आहे, की यासाठी परकी खूण उसनी आणण्याचे कारण नाही. ऋग्वेदाच्या संहितेत उदात्तावर कोणतीच खूण नसते. त्याच्या आधीच्या अनुदात्ताखाली, म्हणजे खालच्या स्वराखाली, आडवी रेघ आणि पुढच्या स्वरितावर उभी रेघ असते, आणि या दोन रेघांवरून उदात्त ओळखायचा असतो. मघाशी मी म्हणालो, की आपल्याला शिकायचे आहे ते मुख्यत्वे दाबणे. मग कोशातील देवनागरी उच्चारात जे अवयव दाबायचे त्यांच्याखाली अनुदात्ताची आडवी रेघ छापावी आणि उरलेला एक अवयव मोकळा सोडावा. ‘डि’ आणि ‘लप’ यांच्याखाली रेघ, ‘व्हे’ मोकळा. ‘निज’ आणि ‘अ’ यांच्याखाली रेघ, ‘मॅ’ मोकळा. औंधच्या स्वाध्याय मंडळाने आणि पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने स्वरांकित संहिता छापल्या तेव्हा शिशाचे खिळे एकेक करून जुळवावे लागत. आज त्या रेघा संगणकाच्या कळफलकावर आयत्या मिळतात. एखाद्या प्रकाशकाने शाळेच्या कोशाची पुढची आवृत्ती काढताना पहिल्या २००० शब्दांपुरता हा प्रयोग करून पाहावा, आणि ते शब्द वेस्ट यांच्या यादीतून जसेच्या तसे न घेता बोलण्यातले घ्यावेत, जोडक्रियापदांसकट. नमुन्याची चार पाने मी तयार करून आणली आहेत. व्याख्यानानंतर ती चिटणीसांच्या टेबलावर ठेवलेली असतील, शिक्षकमंडळींनी ती अवश्य पाहावीत आणि चुका दाखवाव्यात.